पस्तिसावं मत

हार्लनला संध्याकाळचं भरवून मी शाळेच्या जिममध्ये पोचले तेव्हा सातला पाच कमी होते आणि माझ्या बाहीवर सफरचंदाचा गर वाळून चिकटला होता. दारातच माझ्या भाचीने, मार्सीने, मला गाठलं. तिच्या कोटावर सिनेटरबाईंचा बशीएवढा बिल्ला.

"मावशी, ठरलं ना?"

"नाही."

"अगं, दहा महिने झाले ती माणसं आपल्या गावात येताहेत. अजून नाही ठरलं?"

"दहा महिने येताहेत म्हणूनच नाही ठरलं," मी म्हटलं आणि कॉफीकडे वळले.

आयोवात राहणाऱ्या माणसाला हे नवीन नाही. उमेदवारीची पहिली फेरी आमच्याच राज्यात, म्हणून राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला प्रत्येक जण आधी आमच्या दारात येतो, आमच्या हातचा ॲपल-पाय खातो, आमची नावं पाठ करतो. या खेपेला नऊ जण निघाले होते. सात जणांनी नाताळच्या आत गाशा गुंडाळला. उरले गव्हर्नर आणि सिनेटरबाई. दोघांनी माझ्या हार्लनचा हात हातात घेतलाय, फोटो काढलाय आणि शब्द दिलाय.

हार्लन माझा नवरा. तीन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून तो काउंटीच्या होममध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शुश्रूषागृहात आहे, आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. बोलत नाही. खातो ते फक्त माझ्या हातून. खालच्या ओठाला चमचा दोनदा टेकवायचा, मग थांबायचं, मग तो तोंड उघडतो. नर्सेसना मी शंभरदा दाखवलं. त्या बिचाऱ्या तसंच करतात आणि हा दात घट्ट मिटून घेतो. नोव्हेंबरात मला फ्लू झाला, म्हणून आठवडाभर मला आत सोडलं नाही. त्या आठवड्यात तो नऊ पौंड उतरला.

आणि आता ते होम मार्चअखेर बंद होणार. हार्लनला खाट मिळालीय मेसन सिटीला, नव्वद मैलांवर. माझ्या डोळ्यांना मधोमध धूसर दिसायला लागलं तेव्हाच लायसन्स गेलं. बस आमच्या गावात येत नाही. तिकडे खोली घेऊन राहावं तर घर विकायला हवं, आणि आमच्या गावात चार वर्षांत एक घर विकलं गेलेलं नाही. तो तिकडे उपाशी मरेल, हे मला दिसत होतं. त्याला डोळे चांगले लागत नाहीत.

गव्हर्नर ऑगस्टमध्ये आले होते. हार्लनच्या चाकाच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून म्हणाले, "हार्लन, हे दार बंद होणार नाही. माझा शब्द." मी रडले. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर रडले, आणि पुढचे तीन दिवस पोरीसारखी गुणगुणत होते. मग त्यांच्या ऑफिसला फोन करायला लागले. पाचव्या फोननंतर पत्र आलं, वर लिहिलेलं, 'प्रिय अर्लीन'. माझं नाव आर्लिस.

सिनेटरबाई ऑक्टोबरात आल्या. म्हणाल्या, ज्या दिवशी शपथ घेईन, त्याच दिवशी अशा होम्सना पैसे देईन. मी उभी राहून विचारलं, "बाई, होम मार्चमध्ये बंद होतंय आणि तुमची शपथ त्यानंतरच्या जानेवारीत. मधल्या दहा महिन्यांत माझ्या नवऱ्याने काय खायचं?" त्या म्हणाल्या, "फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात." आणि दुसऱ्याकडे वळल्या.

तरी मी आले. न येऊन कुठे जाणार होते?

बरोबर सातला लोवेल फॉसने शिट्टी वाजवली. लोवेल चाळीस वर्षं या शाळेत गणित शिकवायचा. कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची ही सभा, तोच चालवतो. आमच्याकडे त्या रात्री चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला मत द्यायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, साऱ्या गावादेखत. गव्हर्नरचे लोक बास्केटबॉलच्या बास्केटखाली, सिनेटरबाईंचे स्टेजपाशी. ज्याचं ठरलेलं नाही, त्याने मधल्या वर्तुळात.

मधल्या वर्तुळात मी एकटी होते.

लोवेलने दोन्हीकडची डोकी मोजली. "गव्हर्नर सतरा. सिनेटर सतरा. न ठरलेले, एक." त्याने चष्मा पुसला. "आर्लिस, एकट्याचा गट धरता येत नाही. किमान सहा लागतात. इकडे जा, तिकडे जा, नाहीतर घरी जा. घरी गेलीस तर मी नाणं उडवणार."

जिममध्ये एकदम गलका झाला. आमच्या वस्तीतून पक्षाच्या पुढच्या सभेला तीन प्रतिनिधी जातात. जिकडे मी जाणार तिकडचे दोन. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं.

"आर्लिस, इकडे या हो!" बास्केटखालून ड्वेन ओरडला. ड्वेन माझा शेजारी, डुकरं पाळतो आणि हिवाळाभर न सांगता माझ्या दारातला बर्फ काढतो. "गव्हर्नरसाहेबांनी हार्लनला शब्द दिलाय!"

"त्यांनी अर्लीनला दिलाय," मी म्हटलं. काही जण हसले.

"मावशी, रक्ताचं नातं आहे आपलं," मार्सी स्टेजपाशी हात पसरून उभी होती. "सिनेटर आल्या की होम उघडेल. मी स्वतः त्यांच्या माणसांशी बोलले आहे."

"तोवर हार्लन गेलेला असेल गं."

हे मी मोठ्याने बोलले. मला वाटलं, आता रडू येईल, पण आला तो राग. दहा महिने याच लोकांच्या खांद्याला खांदा लावून मी टाळ्या वाजवल्या होत्या.

"मला नको तुमचा राष्ट्राध्यक्ष," मी म्हटलं. "मला मेसन सिटीला नेणारं कुणीतरी हवंय. एप्रिलपासून. हार्लनला भरवायला. कोण नेईल ते सांगा, मी त्याच्या बाजूला उभी राहते."

कुणीतरी म्हणालं, "असं चालतं का, लोवेल?" लोवेल म्हणाला, "ती कुठल्या कारणाने कुठे उभी राहते, हे मी मोजत नाही. पाच मिनिटं आहेत."

बास्केटखाली डोकी जवळ आली. थोड्या वेळाने ड्वेन टोपी हातात घेऊन पुढे आला. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

"महिन्यातून एक रविवार," तो म्हणाला. "त्याहून जास्त नाही जमायचं, आर्लिस. डुकरांना कोण बघणार? पण तो एक रविवार मी नेईनच. बर्फ असला तरी."

महिन्यातून एक रविवार. म्हणजे उरलेले एकोणतीस दिवस हार्लन दात मिटून बसणार. मला ड्वेनचा इतका राग आला की मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आठवड्यातून दोनदा!" स्टेजपाशी मार्सी ओरडली. "मंगळवार आणि शुक्रवार! मी नेईन!"

"आणि रविवारी आम्ही!" तिच्या मागून एक बाई म्हणाली. मग आणखी एकाने हात वर केला, मग आणखी एकीने. बुधवार. सोमवारी सकाळी. चर्चची व्हॅन मागून बघतो. तिथल्या नर्सना आपण सगळे मिळून पत्र लिहू. स्टेजपाशी सगळा आठवडा भरला, माणसं एकमेकांच्या पाठी थोपटायला लागली, आणि मी मध्ये उभी राहून ऐकत होते. हा आवाज मी ऑगस्टमध्ये ऐकला होता, ऑक्टोबरात ऐकला होता. तो कसा सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्या जिममध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरी माझे पाय स्टेजकडे निघाले. खोटं कशाला सांगू, ड्वेन खरं बोलतोय हे मला कळत होतं. पण त्याचं खरं एवढंसं होतं. मला सगळा आठवडा हवा होता.

"सिनेटर अठरा!" लोवेलने जाहीर केलं. "दोन प्रतिनिधी!"

टाळ्या, शिट्ट्या. मार्सीने मला उचलायचंच बाकी ठेवलं. मला मिठी मारून तिने तिथल्या तिथे फोन कानाला लावला आणि आकडे कळवायला लागली. "हो, एका मताने! आमच्या मावशीच्या! नवरा होममध्ये आहे, हो, फारच हृदयस्पर्शी..."

मी तिची बाही धरली. "मार्सी, एप्रिलचा पहिला मंगळवार. किती वाजता निघायचं? तिकडे जेवण साडेअकराला देतात."

तिने हसून एक बोट वर केलं. थांब हं, एक मिनिट.

बाकीचे कोट घालत होते. रविवारवाली बाई दोन प्रतिनिधींत आपलं नाव लागावं म्हणून लोवेलशी हुज्जत घालत होती. बुधवारवाला दिसलाच नाही. मी दाराकडे बघितलं. ड्वेन टोपी घालून निघाला होता. मी शक्य तितक्या भराभर चालत त्याला गाठलं.

"ड्वेन, तो रविवार..."

"अहो, राहू द्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग अजिबात नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमचा तर सगळा आठवडा भरला. मला खरंच बरं वाटलं. मी तर काळजीत पडलो होतो, रविवारी डुकरांना कुणाला सांगायचं म्हणून." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हार्लनला सांगा, मी विचारलंय."

त्याला थांबवून खरं सांगायला हवं होतं, की त्या भरलेल्या आठवड्यावर माझा भरवसा नाही. पण मग त्याला सोडून मी स्टेजकडे का गेले, तेही सांगावं लागलं असतं. तो गेला. मी परत मार्सीजवळ येऊन उभी राहिले. तिचं बोट अजून वर होतं.