जुन्या टाकीचं विरजण

काका नाकाला रुमाल न लावता घरच्या गोबरगॅस टाकीच्या कठड्यापाशी उभे होते, हेच तिला आधी खुपलं. एरवी ते रुमाल काढूनच फाटक उघडायचे. या वासाने दादाकडे पाहुणा टिकायचा नाही म्हणायचे, आणि बाबा शेणाने माखलेले हात पसरून धाकट्या भावाला मिठी मारायला धावायचे.

आता बाबा नव्हते. टाकी होती. शेण, पेंढा, भुसा, मिळेल ते पचवून घरची शेगडी पेटवत होती.

शेतातल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्याला सरकार अनुदान देणार, वर तो गॅस चढ्या भावाने विकत घेणार, असा नियम निघाला आणि काकांनी शेताच्या कडेला हिरवीगार टाकी उभी केली. अट एकच होती, संयंत्र नवं हवं. बाबांनीही अर्ज केला होता. जुन्यांना प्रोत्साहन कशाला, ते तर करतातच, असं म्हणत कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी तो गोड हसून परत केला. बाबाही हसले. तिच्या मात्र तेव्हापासून ती हिरवी टाकी डोळ्यांत सलत होती. रोज गच्चीवरून ती तिकडे बघायची. घुमट फुगलेला दिसला की जेवण गोड लागत नसे; बसलेला दिसला की दिवस बरा जाई.

आणि आता काका सांगत होते की टाकी आंबली. हावरेपणाने पेंढा कोंबला. गॅस येतो, पण पेटत नाही. महिनाअखेरीस तपासनीस येणार. ज्योत दिसली नाही तर मंजुरी रद्द.

"तुमच्या टाकीतला शेणकाला हवाय, विरजणाला. बादलीभर नाही गं, ड्रमच्या ड्रम."

"सगळं नवंच लागतं ना तुम्हाला?"

आई दारातून बघत होती. एवढा काला काढला तर घरची शेगडी कितीतरी दिवस मिणमिणणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"दादा नाही म्हणाला नसता."

"मग त्यांच्याकडे मागायचं होतं. होते तोवर."

बोलली आणि तिला बाबांची खाट आठवली. आजारपणात ते रोज विचारायचे, फुगली का त्याची? तिला वाटायचं, आपल्यासारखेच जळतात. एकदा तिने खुशीत सांगितलं, नाही फुगली. "टाकीला भूक लागायच्या आधीच भरवतोय तो," बाबा एवढंच म्हणाले आणि कुशीवर वळले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तिने भिंतीला टेकवलेली बाबांची बादली उचलली. "ड्रम आणा," ती म्हणाली. "आणि पेंढा बंद करा आधी."

तपासणीच्या दिवशी ती मागे उभी राहिली. काडी लावताच ज्योत निळी, सरळ उभी राहिली. तपासनीसांनी विरजण कुठून आणलं, असं विचारलं. काका आता आमचंच म्हणतील, याची तिने तयारीच ठेवली होती.

"दादाचं आहे," काका म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

तिला बरं वाटायला हवं होतं. निळी ज्योत पाहून आत पुन्हा तेच सलत होतं.

घरी येऊन तिने चहाचं आधण ठेवलं. ज्योत इतकी बारीक होती की तिने दोन्ही हातांचा आडोसा धरला, आणि पाण्याला पहिला बुडबुडा येईपर्यंत तशीच उभी राहिली.