तीन पांढऱ्या कुरडया

छबुबाईंच्या कुरडया काळ्या का पडतात, हे बीडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. छापायला तेवढं कुणी तयार नव्हतं.

छबुबाई शहराच्या कडेला, खडकी वस्तीत राहतात. उन्हाळाभर कुरडया, पापड, शेवया करायच्या, विकायच्या आणि त्यावर वर्ष काढायचं. वस्तीसमोरचा रस्ता ओलांडला की विजयसिंह दादांचा डांबर प्लांट. दादा आमचे पुढारी. जिल्ह्यातले रस्ते तेच करतात आणि पावसाळा झाला की तेच रस्ते पुन्हा करतात, त्यामुळे प्लांटला उसंत म्हणून नसते. गच्चीवर वाळत घातलेल्या प्रत्येक कुरडईवर त्याची काजळी बसते. दोन वर्षांत छबुबाईंची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. ठिपक्याठिपक्यांची कुरडई कोण लेकीच्या रुखवतात मांडणार? प्रदूषण मंडळाच्या कचेरीत तक्रार घेऊन गेल्या, तर तिथले साहेब म्हणाले, पुरावा आणा.

मी पेपरात तीस वर्षं गमतीचं सदर चालवून घरी बसलो आहे. अपेक्षा माझ्या टेबलाशेजारी बसून बातमी लिहायला शिकली. तिला मार्चमध्ये दिल्लीच्या एका संस्थेची तीन महिन्यांची फेलोशिप मिळाली. विषय, शहरातली हवा आणि पर्यावरणीय न्याय. शिफारसपत्र माझं होतं. त्यात मी तिला निर्भीड म्हटलं होतं. हा शब्द मी तोवर कुणासाठीच वापरला नव्हता, त्यामुळे अगदी कोरा निघाला.

मीच तिला छबुबाईंकडे घेऊन गेलो. न्याय म्हटल्यावर बाईंनी विचारलं, कोर्टात यावं लागंल का? अपेक्षा म्हणाली, नाही मावशी, नुसतं पेपरात. मग बाईंनी फडताळातून पत्र्याचा डबा काढला.

डब्यात तेवीस कुरडया होत्या. प्रत्येकीखाली भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान, म्हणजे ती ज्या दिवशी वाळली ती तारीख. वीस काळ्या. तीन पांढऱ्या, दुधासारख्या. त्या तीन दिवशी दादांच्या लेकीचं लग्न होतं. मांडव प्लांटशेजारच्या मैदानात पडला होता आणि पाव्हण्यांच्या कपड्यांवर काजळी पडू नये म्हणून दादांनी प्लांट तीन दिवस बंद ठेवला होता. ह्यापेक्षा चोख पुरावा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. पंचनाम्यातसुद्धा नाही.

बाई डबा द्यायला तयार नव्हत्या. फोटो काढा म्हणाल्या. अपेक्षा म्हणाली, संस्थेची माणसं दिल्लीहून येणार आहेत, त्यांना डोळ्यांनी बघू द्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"नाना, तुमच्या वळखीची हाय म्हनून देते," त्या म्हणाल्या. "मला तुमी म्हाईत, ती न्हाई."

मी म्हणालो, माझ्या शब्दावर द्या.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पुढचं बिघडलं ते माझ्या जिभेमुळे.

दादांचा माणूस सटवा मला स्टँडसमोर चहाच्या टपरीवर भेटला. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. पेपरवाली पोरगी वस्तीत कशापायी हिंडतीय, असं त्यानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं.

"हवेवर लिहितीय."

सटव्यानं खुर्ची जवळ ओढली. "मंग, कुनाची हवा हाय म्हनती?"

इथं मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. पण तीस वर्षांची सवय.

"खडकी वस्तीत तर दादांचीच आहे," मी म्हणालो. "घराघरात शिरली आहे. माणसं श्वास घेतात तो दादांचाच."

"लई भारी," सटवा म्हणाला आणि माझ्या चहाचे पैसे देऊन गेला. संध्याकाळपर्यंत हा किस्सा मी चार ठिकाणी सांगितला. चारही ठिकाणी हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी दादांनी अपेक्षाला बोलावून घेतलं. आपली हवा किती आहे ते त्यांना आकड्यांत पाहिजे होतं. तिनं मला फोन करून सगळं हसत हसत सांगितलं. दादांना तिनं खरा विषय समजावला, तर तेही हसले म्हणे, आणि हे काम फार गरजेचं आहे, मी पाठीशी आहे, असं म्हणाले. मी तिला म्हटलं, जपून. ती म्हणाली, सर, तुम्हीच तर निर्भीड म्हटलंय.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी केला, तर ती मीटिंगमध्ये असायची.

मेअखेरीस समारोपाचा कार्यक्रम झाला. मंगल कार्यालय, मागे फलक: शुद्ध हवा, सुदृढ बीड. खाली सौजन्य म्हणून दादांचा हात जोडलेला फोटो. दिल्लीहून दोन माणसं आली होती, त्यांना एसीजवळ बसवलं होतं. छबुबाईंना गाडी पाठवून आणलं होतं. नवं लुगडं नेसून त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, डबा कधी उघडतात त्याची वाट बघत.

पुस्तिका वाटल्या गेल्या. मुखपृष्ठावर छबुबाईच, चुलीपुढे बसून कुरडईचा चीक शिजवताना, डोळ्यांत पाणी. शीर्षक होतं, 'चुलीचा धूर, शहराला घोर'. बाईंच्या घरी दहा वर्षं गॅस आहे. चुलीवर फक्त चिकाचं पातेलं चढतं, तेही वर्षातून एक महिना. मी पुस्तिका दोनदा चाळली. प्लांट कुठंच नव्हता. शेवटच्या पानावर दादा वस्तीला शंभर निर्धूर चुली देणार असल्याची घोषणा होती.

बाईंना वाचता येत नाही. फोटो बघून त्या खूश झाल्या. दादांनी स्वतः त्यांना शाल आणि नारळ दिला. टाळ्यांत माझ्याही होत्या, शेजारचा बघत होता म्हणून.

मग जेवणं. वरण, भात, भरलं वांगं, जिलबी आणि प्रत्येक ताटात तळलेल्या कुरडईचा तुकडा. दिल्लीच्या बाई विचारत होत्या की ह्यावर काळे तीळ लावलेत का. अपेक्षा त्यांना सांगत होती, इथली पारंपरिक पद्धत आहे.

छबुबाईंच्या ताटातला तुकडा पांढरा होता. त्यांनी तो उचलला आणि उजेडाकडे धरला.

"ही लग्नातली," त्या म्हणाल्या.

मी अपेक्षाला गाठलं. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं की नजरचूक झाली, डबा कोठीत राहिला, आचाऱ्याला वाटलं जेवणासाठीच आल्यात. सर, मलाही वाईट वाटतंय. तिनं धुतलेला डबा माझ्या हातात दिला, मावशींना देता का म्हणाली.

वाटेत मी डबा उघडला. आत कॅलेंडरची तेवीस पानं होती. तारखेप्रमाणे लावलेली, वर रबर बँड. आचारी तारखा लावत बसत नाही. शिवाय हे तारखेनं लावून ठेवायचं वळण तिला मीच लावलं होतं.

बाईंनी पानं बघितली. वाचता येत नसलं तरी आकडे कळतात त्यांना.

आठ दिवसांनी मी वस्तीत गेलो. गच्चीवर शेवटचा घाणा वाळत होता, दादांची शाल अंथरून त्यावर. शालीवर काजळी चांगली उठून दिसत होती. पुन्हा पुरावा धरताय का, असं मी विचारलं.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "जुनं धोतर फाटलं."

त्यांनी मला चहा दिला. दर वेळी चहाबरोबर एक कुरडई तळून यायची. ह्या वेळी त्या आत गेल्या आणि फडताळ लावल्याचा आवाज आला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं आजचंच पान फाडलेलं होतं.

मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगू नका, असं त्यांनी म्हटलंही नव्हतं. आता त्या मला काहीच सांगत नाहीत.