चाळीस जणांची दिलगिरी

तिने जावास्क्रिप्टची ती ओळ पडद्यावर मोठी केली आणि मान पुढे काढून पाहिलं. ‘नकार’च्या आधी उद्गारचिन्ह हवं होतं. नव्हतं. ते एवढंसं चिन्ह अट उलटी करतं: असेल तर नकार न दिलेल्यांना निमंत्रण, नसेल तर फक्त नकार दिलेल्यांना. परिणामी, तंत्रशाळेच्या निवृत्त मास्तरांच्या रविवारच्या सत्काराचं अगत्याचं आमंत्रण नेमकं ‘निमंत्रण नको’ या चौकटीत खूण केलेल्या एक्केचाळीस माजी विद्यार्थ्यांनाच गेलं होतं.

मास्तर म्हणजे तिचे बाबा. एक्केचाळिसांत एक तिचा दादा, चार वर्षं घराची पायरी न चढलेला. त्याचा विषय निघाला की बाबा चष्मा पुसायला घेत. इतका स्वच्छ चष्मा अख्ख्या गल्लीत कुणाचा नव्हता.

ऑफिसचा नियम असा की, लिहिलेला कोड दुसऱ्याने मोठ्याने वाचल्याशिवाय सोडायचा नाही. हे वाचन काकांकडे. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे काका. काल ते दाढ काढायला गेले होते आणि तिने स्वतःच स्वतःला वाचून दाखवलं होतं. स्वतःचं कोण ऐकतं?

साहेबांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. शाळा जुनं गिऱ्हाईक आहे, म्हणाले. राहिलेल्यांना निमंत्रणं पाठवा आणि या एक्केचाळीस जणांना तासाभरात कळवा, की चुकून आलंय, दुर्लक्ष करावं.

निमंत्रणं दहा मिनिटांत गेली. दिलगिरीच्या चार ओळींना मात्र तिला अर्धा तास लागला. मग काका खुर्ची ओढून बसले आणि सुजलेला गाल सांभाळत वाचू लागले.

“ज्यांचा नकार आहे, त्यांना दिलगिरी.” बोट पुढे सरकलं. “आणि… पत्ता हा नसेल तरच.”

ई-मेलच्या त्या पत्त्यात तिचंच आडनाव होतं. काका थांबले.

“हे उद्गारचिन्ह चुकून पडलंय का गं?”

“नाही, काका.”

काकांनी ओळ पुन्हा एकदा पाहिली, या वेळी मनातल्या मनात.

“वाचलं मी,” ते म्हणाले. “सोड.”

साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. “गेली सगळ्यांना?”

“ज्यांना चुकून निमंत्रण गेलं होतं,” काका म्हणाले, “त्या सगळ्यांना गेली.”

तिने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.