चिमाजी चौथीत बसला

पिंपरीला नवा कारखाना निघाला आणि चिखलीच्या चिमाजीला ऐन चाळिशीत शाळेत जायची वेळ आली. कारखान्याला चौथी पास माणसं हवी होती. चिमाजी लहानपणी बिगरीतून जो पळाला होता, तो थेट नांगरामागे जाऊन थांबला होता.

"एवढ्या मिशा घेऊन पोरांत बसनार?" बायको अंबुबाईनं विचारलं. "दप्तर शिवून देऊ का?"

"दे," चिमाजी म्हणाला.

शाळा भैरोबाच्या देवळात भरायची. ज्योतीराम मास्तर नुकतेच पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आले होते आणि तिथं ऐकलेलं एक व्याख्यान त्यांच्या डोक्यातून उतरत नव्हतं. समाज म्हणजे एक शरीर. त्यात कुणी हात, कुणी पाय, कुणी डोकं. कोण काय होणार ते शाळा ठरवते आणि ज्याला त्याला आपापलं काम बिनतक्रार करायला शिकवते. मास्तरांनी चिमाजीच्या मिशा बघून त्याला थेट चौथीत बसवलं.

"मग मी कोन?" चिमाजीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुम्ही हात."

"आन् डोकं?"

मास्तर नम्रपणे देवळाच्या छताकडे बघत राहिले.

पहिलं भांडण झालं ते लघवीवरून. शिकवणं चालू असताना चिमाजी उठला आणि सरळ बाहेर निघाला.

"चिमाजीराव, करंगळी वर करून विचारायचं असतं!"

"मुतायला इचारू? माझ्या बापानं इंग्रजाला कदी इचारलं न्हाई!"

पोरं हसून हसून लोळली, पण मास्तर हटले नाहीत. "उद्या कारखान्यात विचारावं लागेल. तेच तर शिकवतोय."

चिमाजीनं दोन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत कळ काढली. तिसऱ्या दिवशी करंगळी वर गेली. त्या दिवशी त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की घरी येऊन तो जेवलाही नाही.

मग मात्र त्याची गाडी रुळावर आली. घंटेला यायचं, रांगेत उभं राहायचं, नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं, सगळं जमलं. अक्षरं तेवढी जमेनात. एक 'ढ' पक्का झाला, कारण तो त्याला रोज कुणी ना कुणी म्हणायचंच.

वर्षाच्या शेवटी परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे दिपोटी आले. त्यांनी धडा वाचायला लावला. चिमाजीला घाम फुटला, पण शब्द फुटला नाही. नापास. अंबुबाईच्या जिभेवर चार टोमणे तयार होते, पण त्याचं तोंड बघून तिनं ते गिळले आणि गरम भाकरी पुढं केली.

तरीही तो कारखान्याच्या फाटकावर गेला. गावचा बबनराव त्याच्या आधी आत गेला होता. तो सातवी पास होता. न सांगताच खुर्चीत बसला आणि भरती करणाऱ्या साहेबालाच म्हणाला, "दुपारी आडवं व्हायला किती येळ मिळंल?" तो लगेच बाहेर आला.

मग चिमाजी आत गेला आणि साहेबापुढं उभाच राहिला.

"चौथी पास?" साहेबानं विचारलं.

"न्हाई सायेब. नापास केलं."

"मग वर्षभर शाळेत शिकलात काय?"

चिमाजीनं विचार केला. "येळेवर यायचं. घंटा झाल्याबिगर उठायचं न्हाई. मुतायला इचारायचं."

साहेब खो खो हसला. "सोमवारपासून या."

ही बातमी ऐकून ज्योतीराम मास्तरांना आधी आनंदाचं भरतं आलं. व्याख्यान अक्षरशः खरं ठरलं होतं! मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे वाचायला मी उगाच शिकवत होतो की काय?" ते स्वतःशीच म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा दारात अंबुबाई उभी. काखेत पाटी.

"अंबुबाई, कारखान्यात बायकांना घेत नाहीत हो."

"कारखान्यात कोन चाललंय? मला वाचायचंय."

"पण वाचून करणार काय? त्याचा समाजाला उपयोग?"

"समाज गेला खड्ड्यात," अंबुबाई म्हणाली. "पारावर गडी पेपर वाचत्यात आन् खदाखदा हसत्यात. इचारलं तर सांगत न्हाईत. कशाला हसत्यात ते मला बगायचंय."

मास्तरांनी मनातल्या मनात ते व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपून पाहिलं. हात, पाय, डोकं सगळं होतं. अशा बाईसाठी त्यात एकही अवयव नव्हता. शेवटी त्यांनी पोरांना सरकवलं, उजेडाच्या बाजूला एक पोतं अंथरलं आणि फळ्यावर 'अ' काढला.

"त्यो येतोय मला," अंबुबाई पदर खोचून खाली बसत म्हणाली. "फुडचं सांगा."