आरशासमोरची कोठडी

दोघी गेल्या होत्या त्या गंमत म्हणून. वहिनी शाळेत चित्रकला शिकवायची. तिची धाकटी नणंद औषधांच्या दुकानात होती. नणंद इतकी मवाळ, की खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीलाच 'सॉरी' म्हणायची. घरात सगळे तिला चिऊ म्हणत. कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाला एका प्रयोगासाठी माणसं हवी होती. तळघरात आठवडाभर राहायचं, काहींनी कैदी म्हणून, काहींनी पहारेकरी म्हणून. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा चिऊच्या हाती किल्ल्या आल्या आणि वहिनी कोठडीत गेली.

"आत व्हा हं वहिनी," म्हणत चिऊ खुदकन हसली आणि तिनं कुलूप लावलं.

कोठडीत आणखी दोघं होती, एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि एक नर्स. एका भिंतीवर मोठा आरसा होता. त्यामागे बसून प्राध्यापक सगळं बघतात, हे आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चिऊच्या तोंडचा 'वहिनी' शब्द गेला. "ए आरशाजवळची, उभी राहा," ती म्हणाली. नंतर तिनं वहिनीचा चष्मा काढून घेतला.

"अगं चिऊ, मला त्याच्याशिवाय काही दिसत नाही."

"बोलायची परवानगी घेतलीस?"

हिला कोणीतरी पढवलंय, वहिनीनं मनाशी धरलं. एवढं हिच्या अंगात कुठलं?

एकदा तिघांनी खाटा दाराला लावून पहारेकऱ्यांना अडवायचं ठरवलं, अगदी कुजबुजत. दुसऱ्या दिवशी पहारेकरी आले आणि खाटाच उचलून घेऊन गेले. ड्रायव्हर वहिनीच्या कानाशी आला. "ताई, आपल्यातलंच कोणीतरी त्यांना फितूर आहे. मी नाही आणि तुम्ही नाही. मग राहिलं कोण?"

वहिनीनं नर्सकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. फार गप्प असायची ती. मध्येच रडायची, तेही आरशाकडे बघून. वहिनीला आता सगळं जुळत गेलं. तिनं नर्सशी बोलणं टाकलं. जेवण आलं की ती आणि ड्रायव्हर दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायची.

एका दुपारी नर्सला दरदरून घाम फुटला. "साखर उतरलीय माझी," ती पुटपुटली. "काहीतरी गोड मागा ना."

दोघंही जागची हलली नाहीत. नर्सच ती, आजारपणाचं सोंग तिच्याइतकं बेमालूम कोण वठवणार? गजांतून चिऊनं डोकावलं. "नाटकं पुरे!" ती म्हणाली.

मग खाट नसल्यानं नर्स थेट फरशीवर कलंडली आणि तिचं डोकं आपटलं. तो आवाज नाटकातला नव्हता. वहिनी तिच्याकडे धावली. ड्रायव्हर दार बडवू लागला. चिऊनं आरशाकडे पाहिलं. आरशामागून कोणी काही बोललं नाही, कोणी आलंही नाही. शेवटी तिनं कुलूप काढलं आणि नर्सच्या तोंडात ग्लुकोज घातलं. औषधांच्या दुकानातल्या सवयीनं ते तिच्या खिशात असायचंच.

प्रयोग तिथंच थांबला. प्राध्यापकांनी वहिनीला समोर बसवून सांगितलं, "आमचा माणूस तुमच्यात कोणी नव्हता. छतात माइक होता, पहारेकऱ्यांना सगळं ऐकू जायचं. पहारेकऱ्यांना एवढंच सांगितलं होतं, की कोणी बाहेर पडू नये."

"मग चिऊला कडक वाग म्हणून कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

वहिनीचा त्यावर विश्वास बसला नाही. चिऊला विचारावं तर ती नुसती रडायची.

दवाखान्यात नर्स उशीला टेकून बसली होती. डोक्याला पट्टी होती. वहिनीनं माफी मागायला तोंड उघडलं, पण नर्सच आधी बोलली.

"एक विचारू? तुम्ही त्यांच्याच होतात ना? पहाऱ्यावर तुमची नणंद. आत आलात तेव्हाच माझ्या मनात आलं. म्हणून मी तुमच्यासमोर तोंड उघडत नव्हते."

"नाही हो! शपथेवर सांगते."

"बरं," नर्स म्हणाली, आणि तिनं चादर वर ओढून घेतली.

बाहेर बाकावर चिऊ बसली होती. आत यायचा तिला धीर झाला नव्हता. "रागावलीय का हो ती माझ्यावर, वहिनी?"

"तुझ्यावर नाही," वहिनी म्हणाली आणि भरभर जिना उतरू लागली.