शांत केलेला माणूस

साहेब, माझा बाप तुमच्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी आला होता. तुम्ही त्याचं लाकूड करून परत दिलंत.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. बापाचं सांगते. म्हस्कूआबा, गाव निरवांगी. अर्धी हयात मेंढरांमागं गेली. मग कळप विकला, डाळिंब लावलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय जागीच चिकटायला लागले. दारात यायचे आणि उभेच राहायचे. आई पायांपुढं काठी आडवी टाकायची. ती ओलांडायला पाय उचलला की पुढं चालू लागायचे.

"ट्रॅक्टरला किल्ली लागती, ह्यास्नी काठी," आई म्हणायची.

मग संध्याकाळी त्यांना डाळिंबात मेंढरं दिसायला लागली. आईला हाक मारायचे.

"सारजे, आत घे की. काळी मागंच ऱ्हायली."

"घेतली. आता तुमी या, का तुमाला बी हाकू?"

आबा हसायचे. आम्हालाही त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही. मेंढक्याला मेंढरं नाही दिसणार तर काय विमानं दिसणार?

ताप चढला म्हणून बारामतीला आणलं. वॉर्डात आबा ओरडले, "मेंढरं डांबरीवर आली, गाडीखाली जात्याल!" तुम्ही दारातूनच विचारलंत, "असं कधीपासून बोलतात?"

"सर, त्यांच्या पायांचं बी ऐका..."

"पायांचं नंतर. आधी शांत करू."

सुई दिलीत. सकाळी मान वळेना, जबडा उघडेना. "थकलेत," म्हणालात, आणि पुढच्या पलंगाकडं गेलात.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सांगितलं. मेंदूत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन असतं. एक पेशी दुसरीला निरोप देते, तिथं त्याचं काम. त्याच्याच गाठी झाल्या की पाय अडतात, समज ढळते, नसलेलं दिसतं. अशा माणसाला वेडावरची सुई दगड करू शकते.

घरी आईला म्हटलं, "लोकरीत गोखरू बसून जटा होती ना, तसं."

"मग कातरायची."

"डोक्यातली न्हाय कातरता येत, आई."

तिनं दारातली काठी उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी पाय आन् मेंढरं एकाच दुखण्यातली?"

"व्हय."

"मग त्या साहेबांनी पाय का न्हाय बघितलं?"

आता ती चमच्यानं पेज भरवते, निम्मी हनुवटीवरून ओघळते. सुईचा जोर उतरेल, पण आबा किती परत येतील ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. आई कानाशी विचारते, "आली का ओ मेंढरं?" पापणी तेवढी हलते. ती व्हय म्हणते का न्हाय, कुणाला कळत नाही.

तुमच्या दाराशी किती खेपा घातल्या. शिपाई म्हणायचा, "साहेब कामात हायत." म्हणून हे लिहिलं.

पलंगापासून दारापर्यंत त्यांना एकदा चालवून बघायला तुमचा किती वेळ गेला असता? माझी आई विचारते आहे. बोला.