उपाशी पट्टे

फिजिक्सच्या मास्तराला हरभऱ्याच्या शेतात काय काम, असं बायकोनेही विचारून झालं होतं. लातूरच्या आमच्या कॉलेजात तीन विभागांनी मिळून एक प्रकल्प घेतला होता. उदगीरच्या अंजूने हरभऱ्याच्या मुळाजवळून एक जिवाणू वेगळा काढला होता. जमिनीत अडकून पडलेला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तो पिकाला मोकळा करून देतो, असं तिचं म्हणणं. ते शेतात दिसलं की तिची पीएच.डी. पुरी होणार होती. केमिस्ट्रीच्या दामिनी मॅडम प्रकल्पप्रमुख, माती तपासायचं काम त्यांचं. माझ्याकडे जमिनीतली ओल मोजणारी यंत्रं. दर पंधरा मिनिटांनी एक आकडा नोंदवायचा, एवढंच त्यांना येतं. मॅडमपेक्षा आणि माझ्यापेक्षा ती यंत्रंच प्रामाणिक निघाली, हे पुढे कळेलच.

शेत किल्लारीजवळ, शेषेराव काकांचं. कडेच्या रानात एकेका गुंठ्याचे चार पट्टे आखले. दोन पट्ट्यांना अंजूचे जिवाणू, दोन तसेच. तसेच ठेवलेल्यांशी तुलना केल्याशिवाय जिवाणूंनी काही केलं की नाही ते कळत नाही.

"ह्या दोघाला आपलं औषध द्यायचं नाही, काका," अंजूने पेरणीच्या दिवशी बजावलं होतं.

"थेंबसुद्धा न्हाई?"

"थेंबसुद्धा नाही."

काकांनी मान हलवली, पण चेहरा काही पटल्यासारखा नव्हता. मला तेव्हाच दिसलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं.

डिसेंबरात जिवाणूंचे पट्टे चांगले चार बोटं वर होते. अंजू फोटो काढून सगळ्यांना पाठवत सुटली होती. जानेवारीच्या शेवटी आम्ही गेलो, तर चारही पट्टे एका उंचीचे. घाट्यांची, म्हणजे शेंगांची, संख्याही जवळजवळ सारखी. तिची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती आणि फेब्रुवारीत नांदेडच्या परिषदेत निष्कर्ष मांडायचे होते.

आठवडाभर आम्ही आपापल्या खोल्यांत डोकं खाजवत बसलो. मग दामिनी मॅडम म्हणाल्या, तशाच ठेवलेल्या पट्ट्यांची माती उरलेल्या दोघांपेक्षा किंचित आंबट झालीय, आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे आपोआप होत नाही. अंजूला त्याच मातीत दह्या-ताकातले जिवाणू सापडले. मी ओलीचा आलेख काढला. पावसाचा थेंब नसताना, एका दुपारी सव्वादोनला, नेमक्या त्या दोनच पट्ट्यांत रेघ सरळ वर गेली होती. मी तारीख कॅलेंडरवर शोधली आणि कपाळावर हात मारला.

येळवस! वेळ अमावस्येला आमच्याकडे घरात कुणी राहत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या खोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी भाकरीबरोबर खायची, ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली अंबील प्यायची आणि तीच रानात शिंपडायची. त्या दुपारी मी स्वतः सासुरवाडीच्या शेतात चार पेले रिचवून घोरत पडलो होतो. यंत्र जागं होतं.

आम्ही किल्लारीला गेलो. काका ओट्यावरच होते. काही लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

"हाव, म्याच टाकली. समद्या भावकीची उरलेली अंबील बॅरलात केली, त्यात हिरीचं पाणी घातलं आन् दोन्ही पट्ट्याच्या मुळाला दिली. तुमचं औषध थेंबभर दिलं न्हाई बगा, शपत."

"पण का, काका?" अंजूने विचारलं.

"का म्हंजे? चार लेकरं एका पंगतीला. दोघाला तुमी जेवू घातलं, दोघाला न्हाई. येळवसेला समदे जेवायलेत आन् ती दोघं कोरड्या तोंडानं बगायलीत. माझ्या घशाखाली घास उतरंना."

दाराआडून काकांची बायको, साखराबाई, म्हणाल्या, "मी म्हनले हुते, पोरीला इचारा. ऐकतेत का?"

अंजूने त्यांच्या हातचा चहा घेतला आणि प्याली. मला काकांचा राग आला होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

परतताना औशाजवळ दामिनी मॅडमनी मार्ग काढला. ते दोन पट्टे रानडुकरांनी नासवले असं लिहायचं आणि डिसेंबरचे आकडे मांडायचे. डिसेंबरचे आकडे खरेच होते. रानडुकरं तर सगळीकडेच आहेत, कोण तपासायला येतंय? मी मान हलवली. हो, हलवली. एका पोरीचं वर्ष वाचत होतं, असं मी स्वतःला सांगितलं. अंजू खिडकीबाहेर बघत राहिली.

नांदेडच्या परिषदेत तिचा नंबर जेवणानंतर आला, अर्धं सभागृह पेंगलेलं. मागच्या रांगेत पांढरं धोतर आणि फेटा दिसला. अंजूनेच काकांना बोलावलं होतं.

तिने डिसेंबरचे आकडे दाखवले, मग जानेवारीचे, मग माझा आलेख. म्हणाली, "इथे तुलनेच्या पट्ट्यांना अंबील आणि पाणी मिळालं. त्यामुळे माझे जिवाणू काम करतात की नाही, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही."

हशा पिकला. अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी, सर. काय द्यायचं नाही ते मी शेतकऱ्याला सांगितलं. का द्यायचं नाही, ते सांगितलंच नाही."

दामिनी मॅडम वहीत खाली बघत होत्या आणि मीही.

बाहेर मांडवात काकांनी तिला गाठलं. "माझ्यापायी तुजं वरीस गेलं व्हय गं?"

"हो, काका," ती म्हणाली. खोटं तिला तिथेही बोलता आलं नाही. मग तिथल्याच कागदी प्लेटवर चार पट्टे काढून तिने त्यांना सगळं समजावलं. काकांनी मधे दोनदा अडवून विचारलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "पुढल्या साली रान माझंच घे."

फेलोशिप संपली. वर्षभर अंजूने लातुरात क्लासमध्ये डॉक्टरकीच्या परीक्षेवाल्या पोरांना बायॉलॉजी शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी किल्लारीची बस धरली. दुसऱ्या खेपेला फरक टिकला; थोडा होता, पण खरा होता. प्रबंध सादर झाला.

मला मात्र त्या दुसऱ्या वर्षीची येळवस आठवते. या वेळी मी मुद्दाम काकांच्या शेतात गेलो होतो. पंगत बसली, काका सगळ्या रानात अंबील शिंपडून आले, चार पट्टे तेवढे सोडून. संध्याकाळी मी यंत्रं वाचली. चारही रेघा आडव्या, कुठे उसळी नाही. मी खूश होऊन काकांना सांगायला खोपीकडे निघालो, तर साखराबाईंनी वाटेतच थांबवलं.

"आता नका जाऊ, सर. पडलेत. सकाळधरनं पान्याचा घोट न्हाई घेतला."

"का? बरं नाही का?"

"बरे हायती की. म्हनले, ती दोघं उपाशी हायती, आज मी बी न्हाई जेवत."